लग्नात नाव कोणाचं बदलतं? जपानचं कलम ७५० आणि आपल्याकडचं तांदळाचं ताट

नमस्कार मंडळी. मागच्या वेळी मी लग्नाच्या खर्चावर बोलले, आणि खाली तुम्ही सगळे नावावरच बोलत बसलात. "ताई, लग्नानंतर नाव बदलणं सक्तीचं आहे का?" "नाही बदललं तर पासपोर्ट अडतो का?" आणि सगळ्यात जास्त वेळा, "ही आपली संस्कृती आहे, यात असमानता कुठून आली?" म्हणून आज फक्त नाव.

सोपं आधी उरकते. लग्नानंतर बायकोनं नाव बदललंच पाहिजे असा कायदा भारतात नाही. पासपोर्ट जुन्या नावावरही मिळतो. आता स्त्री-पुरुष असमानतेचं जगाचं चित्र: जागतिक आर्थिक मंचाच्या २०२४ च्या यादीत १४६ देश होते. आइसलँड पहिला, जपान ११८ वा, भारत १२९ वा. शिक्षण, आरोग्य, कमाई आणि राजकारण यांवरून तो क्रम लागतो. नावाचा त्यात हिशेब नाही, पण मला विचाराल तर नावाच्या प्रश्नात संस्कृती कशी काम करते ते फार स्वच्छ दिसतं.

जपान घेऊ. तिथल्या नागरी कायद्याचं कलम ७५० म्हणतं की लग्न करताना दोघांनी मिळून एकच आडनाव ठरवायचं, नवऱ्याचं किंवा बायकोचं. नीट ऐका, "किंवा". कोणाचंही चालतं. कागदावर याहून समान काय असणार? आणि प्रत्यक्षात शंभरातल्या साधारण ९५ जोडप्यांत आडनाव बदलते ती बायकोच.

मला आज जे सांगायचंय ते इथेच आहे. नियम दोघांना सारखा आहे, पण "तू काय करणार?" हा प्रश्न एकालाच विचारला जातो. त्या ९५ घरांपैकी किती घरांत मुलाच्या आईनं मुलाला विचारलं असेल, की बाबा रे, तू तुझं आडनाव सोडणार का?

२०१५ च्या डिसेंबरमध्ये हे प्रकरण जपानच्या सर्वोच्च न्यायालयासमोर आलं. १५ पैकी १० न्यायाधीशांनी कलम कायम ठेवलं. त्यांचा एक मुद्दा असा की निवड जोडप्यावर सोपवलीय, म्हणजे कलमात भेदभाव नाही. त्या १५ जणांत स्त्रिया तीनच होत्या, आणि तिघींनीही हे कलम घटनेविरुद्ध आहे असं मत दिलं. त्यांचं म्हणणं असं, की एवढ्या मोठ्या प्रमाणात बायकाच आडनाव सोडतात याच्या मुळाशी त्यांचं समाजातलं आणि पैशाच्या बाबतीतलं दुबळं स्थान आहे. मी हे वाचलं आणि उठून खोलीत चार फेऱ्या मारल्या. गेली कित्येक वर्षं मला जे बोलून दाखवता येत नव्हतं, ते या तिघींनी निकालपत्रात लिहून ठेवलंय. २०२१ मध्ये पुन्हा तोच निकाल लागला.

आता "संस्कृती आहे" लिहिणाऱ्यांसाठी. तुमच्यावर माझा राग नाही, पण एक विनंती आहे. संस्कृती म्हटलं की तिची तारीखही विचारत जा. जपानमध्ये सामान्य माणसाला आडनाव लावणं सक्तीचं झालं १८७५ मध्ये. पुढच्याच वर्षी, १८७६ मध्ये, सरकारी आदेश निघाला की लग्नानंतरही बायकोनं माहेरचंच आडनाव लावावं. माहेरचं! मग १८९८ च्या नागरी कायद्यानं घराला कायद्यात स्थान दिलं, घराला एक प्रमुख दिला आणि सगळ्यांना त्या घराचं आडनाव. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये, ती घरपद्धत रद्द झाली, आडनावाची सक्ती तेवढी राहिली. म्हणजे ज्याला आज परंपरा म्हणतात, ते १८९८ मधलं एक कलम आहे.

यावर एक प्रेक्षक लिहितील, मला माहीत आहे, "मग बायकांनी नाव बदललं नाही की झाली समानता." थांबा. दक्षिण कोरियात लग्नानंतर बायका आडनाव बदलत नाहीत, पूर्वीपासूनच नाही. का? कारण आडनाव बापाच्या कुळाचं, आणि सून त्या कुळातली धरलीच जात नाही. तिथे कुटुंबाची सरकारी नोंदवही असायची, तिच्यात घरप्रमुख पुरुष. तो गेला की प्रमुखपद मुलाकडे, मुलगा लहान असला तरी आईच्या आधी त्याचा नंबर. २००५ मध्ये तिथल्या घटना न्यायालयानं ही पद्धत घटनेविरुद्ध ठरवली आणि २००८ पासून ती गेली. नाव तिचंच राहिलं, आणि तरी घराच्या वहीत तिला कोणी काही विचारलं नाही. पुन्हा तोच मुद्दा आला ना? विचारलं कोणाला.

आता आपल्याकडे. आपल्याकडे तर कित्येक घरांत आडनावासोबत पहिलं नावही बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं. माझ्या लग्नात ताट आलं आणि गुरुजींनी नवऱ्याकडे बघून विचारलं, "काय नाव ठेवायचं?" त्यानं माझं आहे तेच नाव लिहिलं. सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं, मलाही तेव्हा भरून आलं. रात्री लक्षात आलं की माझं नाव माझ्याकडे राहिलं ते त्याच्या मर्जीनं. तो चांगला माणूस आहे, पण प्रश्न त्याला विचारला होता, आणि नाव माझं होतं.

उखाण्याचंही बघा. एरवी नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, म्हणून तर ते कवितेत गुंफून घ्यायची रीत. आणि कागदावर तेच नाव बाईच्या नावाच्या मधोमध, बापाचं काढून बसवलेलं.

बदल होतायत. २०२४ च्या मार्चमध्ये महाराष्ट्र सरकारनं ठरवलं की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. मला मनापासून आनंद झाला. पण विवाहित बाईच्या नावाची रीत तिथे जुनीच ठेवलीय, स्वतःचं नाव, मग नवऱ्याचं, मग आडनाव. याच्या उलट टोक ग्रीस आणि कॅनडातलं क्वेबेक. क्वेबेकमध्ये १९८१ पासून आणि ग्रीसमध्ये १९८३ पासून कायदाच सांगतो की लग्नानंतरही बाईचं जन्माचं नाव कायम. हीसुद्धा सक्तीच, असं तुमच्यातले काही म्हणतील, आणि त्यांचं अगदीच चूक आहे असं मला वाटत नाही. फक्त तिथे लग्नात हा प्रश्न मुलीसमोर येतच नाही.

माझ्या आईची शाळेची कागदं एका नावावर आहेत आणि बँकेचं खातं दुसऱ्या. वारसाच्या कागदासाठी ती दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे तिला प्रतिज्ञापत्र करून सांगावं लागलं, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, आणि खिडकीपलीकडचा माणूस म्हणाला, "साक्षीदार आणा." तिला पहिल्या नावानं हाक मारणारा आता एकच माणूस उरलाय, माझा मामा. साक्षीला तोच आला.

हा व्हिडिओ करताना आजीचं माहेरचं पहिलं नाव मी त्याला फोन करून विचारलं. त्यालाही आठवेना. तुमच्या घरी विचारून बघा. नाव इथे लिहू नका, कोणाला आठवलं का, एवढंच लिहा. मी सगळ्या कमेंट वाचणार आहे.