गळती दिसते एकीकडे, असते दुसरीकडे : बागेच्या ट्रॅक्टरच्या ट्रान्समिशनविषयी

मंडळी, बागेत गवत कापणाऱ्या छोट्या ट्रॅक्टरखाली तेलाचा डाग दिसला की बहुतेक ठिकाणी पहिला हुकूम सुटतो तो सील, म्हणजे फिरत्या दांड्याभोवती (शाफ्टभोवती) तेल अडवणारी रबरी कडी, बदलण्याचा. सील स्वस्त असते आणि मिस्त्रीलाही ते काम सवयीचे असते, त्यामुळे हा हुकूम कोणाला खटकत नाही. पण सील का गेले हे न पाहता नवे बसवले, तर ते जुन्याच वाटेने जाते. म्हणून आज बोलायचे आहे ते पाना हातात घेण्यापूर्वीच्या तपासाविषयी.

या ट्रॅक्टरांत पुष्कळदा गिअरपेटीऐवजी हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन असते. इंजिनावरचा पट्टा एक पंप फिरवतो, त्या पंपातले पिस्टन एका तिरक्या तबकडीवर टेकून पुढेमागे होतात, पेडल दाबून तबकडीचा कल बदलला की तेलाचा प्रवाह वाढतो, घटतो किंवा उलटा होतो, आणि त्याच प्रवाहावर मोटर फिरून चाकांना गती मिळते. मोठ्या दाबाचे हे सारे काम पेटीच्या पोटात चालते. बाहेर निघणाऱ्या शाफ्टच्या सीलवर मात्र दाब जवळजवळ नसतोच. तेव्हा सीलमधून तेल येऊ लागले तर सीलची कड झिजली, शाफ्ट हलू लागला किंवा पेटीत नसायला हवा असा दाब साठला, या तिन्हींपैकी नेमके काय घडले ते शोधले पाहिजे.

पण त्याही आधी तेल कोणाचे ते ठरवा. उभ्या क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) इंजिनाचे खालचे सील गळू लागले की तेल पुलीवर पडते, पंख्याने मागे उडते आणि ट्रान्समिशनवर बसते. दोष मात्र ट्रान्समिशनला लागतो. पांढऱ्या टिपकागदावर एक थेंब टाका. वापरलेले इंजिन ऑइल काळपट असते आणि त्याला बहुधा इंधनाचा वास येतो, ट्रान्समिशनचे तेल सहसा त्याहून स्वच्छ, मधासारखे किंवा लालसर असते. काही कंपन्या या पेटीतही २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइलच भरायला सांगतात. तिथे दोन्हींतला फरक ओळखायला काजळीच उपयोगी पडते.

यानंतर सफाई. तेल, धूळ आणि गवताचा चुरा मिळून पेटीवर जो राप चढतो, त्यातून कोणालाही काही दिसत नाही. घासलेट आणि ब्रशने तो काढा, कोरडे पुसा. मोठ्या दाबाच्या पाण्याचा झोत ब्रीदरवर, म्हणजे पेटीला हवा आतबाहेर करू देणाऱ्या छिद्रावर, किंवा सीलवर मारू नका. मग संशयाच्या जागांवर टाल्कम पावडर भुरभुरा आणि ट्रॅक्टर अर्धा तास चालवून, इंजिन बंद करून, चाकांखाली अडसर लावून पाहा. तेल खाली ओघळते आणि पंख्याच्या वाऱ्याने मागे सरकते, म्हणून सर्वांत वरचा आणि पुढचा ओला ठिपका महत्त्वाचा. पंख्याखाली गोल फवारा उठला असेल तर इनपुट शाफ्टचे, म्हणजे पट्ट्याने फिरणाऱ्या दांड्याचे सील, मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ओल असेल तर ॲक्सलचे. पेडलशी जोडलेल्या दांड्याचे छोटे सील आणि फिल्टरची ओ-रिंग (गोल रबरी कडी) मात्र नजरेतून हमखास सुटतात. बाहेरून हायड्रॉलिक नळ्या जात असतील तर त्यांच्यावरून उघडा हात कधीही फिरवू नका. सुईएवढ्या छिद्रातले दाबाचे तेल कातडीत शिरते आणि बोट गमवावे लागू शकते. तिथे पुठ्ठा धरावा.

ब्रीदरवर मला थोडे अधिक बोलायचे आहे, कारण निरपराध सीले बळी जातात ती इथे. तेल २५ अंशांवरून ८५ अंशांवर गेले की साधारण चार टक्के फुगते, म्हणजे ४ लिटरमागे दीडशे मिलिलिटरहून अधिक. वडोदऱ्याच्या मे महिन्यात हे तापमान गाठायला वेळ लागत नाही. ब्रीदर चिखलाने बुजला असेल तर ती वाढ वाट काढते सीलच्या कडेतून. तेलाची पातळी खुणेच्या वर असेल तर ब्रीदरमधूनच तेल सांडते आणि गळतीचा भास होतो.

याच शहरात २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी पात्राबाहेर आली. अशा पाण्यात जी यंत्रे उभी राहतात त्यांचे तेल आधी पाहा. ते दुधाळ दिसले तर पाणी आत गेले, आणि पाण्यामुळे शाफ्टवर गंजाचे खड्डे पडले असतील तर नव्या सीलची कड त्यावर घासून लवकरच फाटेल. नुसता फेस दिसला, सोबत पंपाची किरकिर असली, तर हवा शिरते आहे. बाहेर थेंबही नाही, पण तापल्यावर चढावर दम लागतो, असे असेल तर गळती पंप-मोटरच्या आतली आहे. ती झीज बाहेरच्या सीलने भरून निघत नाही.

सील काढल्यावर शाफ्टवर नख फिरवा. नख अडकेल अशी खाच असेल, तर नवे सील शक्य तिथे किंचित वेगळ्या खोलीवर बसवा किंवा शाफ्टवर धातूची पातळ बाही (स्लीव्ह) चढवा. शाफ्ट हाताने वरखाली हलत असेल तर बेअरिंग आधी. ॲक्सलभोवती गुंडाळलेला नायलॉनचा दोरा कापून टाका, तोच सीलची कड खातो. शेवटी चाके उचलून, बायपासचा, म्हणजे तेलाला मोटर टाळून वाट देणारा दांडा उघडून, पेडल पुढेमागे करत आतली हवा काढा; पातळी उतरते, ती थंड तेलावर, खुणेपर्यंतच भरा.