सोबत बसणं

आत्ता स्क्रीनवर एका ग्रुपचं एकत्र ध्यानाला बसणं दिसतंय, त्यात तसं काहीच घडत नाहीये. दहा-बारा माणसं गोल करून बसलीयत, कुणी मांडी घालून, कुणी खुर्चीत, गुडघे दुखतात म्हणून. घंटा झाली, आता पुढचा अर्धा तास हे असंच.

मग मनात येतंच की श्वास ज्याचा त्याचा, मग त्यासाठी एका जागी जमायचं कशाला, अ‍ॅप आहे, व्हिडिओ आहेत, घरीच बसा की. पण जे घरी एकटे बसून बघतात त्यांना माहितीये, पाच मिनिटांत कुणाचा तरी राहिलेला रिप्लाय आठवतो आणि उठायला कुणी अडवत नाही. इथे शेजारचा बसलाय म्हणून आपण बसतो, आणि तोही बऱ्याचदा आपण बसलोय म्हणूनच टिकून असतो.

आणि हे आजचं नाही. मज्झिम निकाय म्हणजे बुद्धांच्या उपदेशांचा एक पाली संग्रह, त्यातलं 118वं सुत्त (म्हणजे उपदेश), आनापानसती सुत्त, श्वासाच्या साधनेचे 16 टप्पे त्यातच आहेत. त्याची सुरुवात बघा. श्रावस्ती, विशाखा या उपासिकेने दान दिलेला पूर्वाराम हा विहार, कार्तिक पौर्णिमेची रात्र. सारिपुत्त, मोग्गल्लान, आनंद असे थेर, म्हणजे ज्येष्ठ भिक्खू, नव्या भिक्खूंना शिकवतायत, कुणाकडे 10 जण, कुणाकडे 20, कुणाकडे 30-40. बुद्ध आधी त्या शांत बसलेल्या संघाकडे, म्हणजे एकत्र साधना करणाऱ्या समूहाकडे बघतात, इथे फालतू बडबड नाही म्हणून कौतुक करतात, यात अर्हत, म्हणजे पूर्ण मुक्त झालेले, आहेत आणि अजून साधना करणारेही आहेत असं सांगतात, आणि मग श्वासावर येतात. म्हणजे आधी संघ, मग श्वास, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

आपल्या काळात हे सगळ्यात ठामपणे मांडलं ते व्हिएतनामचे झेन गुरू थिक न्हात हान्ह यांनी. 1982 मध्ये त्यांनी फ्रान्समध्ये प्लम व्हिलेज हे साधना केंद्र उभं केलं, 2022 मध्ये ते गेले, पण त्यांच्या परंपरेतले छोटे छोटे संघ जगभर चालू आहेत, कितीतरी तर कुणाच्या घरातल्या हॉलमध्येच. गोएंका गुरुजींच्या विपश्यनेतही दहा दिवसांचं शिबिर केलेले साधक आठवड्यातून एकदा तासभर सामूहिक साधनेला बसतात.

आता परत आपल्या गोलाकडे. बसणं झालं की हळूहळू चालणं, एका श्वासाला एखाद-दोन पावलं, ते थोडाच वेळ. खरी परीक्षा त्याच्यानंतर, जेव्हा सगळे परत गोलात येतात आणि बोलायला सुरुवात होते.

ज्याला बोलायचंय तो हात जोडतो, बाकीचेही जोडतात, आणि मग त्याचं संपेपर्यंत कुणी मध्ये बोलत नाही. सल्ला द्यायचा नाही, प्रश्न विचारायचे नाहीत, ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही. समजा कुणी आईच्या आजारपणाबद्दल सांगतंय, रात्र रात्र जागून आता तिचाच राग येतो म्हणतंय, आणि आपल्या घशात लगेच वाक्य तयार, 'अहो आमच्याकडे पण असंच झालं होतं, तुम्ही ना असं करा...' ते वाक्य उठलेलं बघायचं, जबडा घट्ट झालाय तो बघायचा, श्वासावर यायचं, आणि परत ऐकायचं. उशीवर डोळे मिटून बसण्यापेक्षा हे कितीतरी अवघड आहे, आणि हे घरी एकट्याला जमणारच नाही, कारण समोर माणूसच नसतो! बोलणाऱ्याचं तर काय, त्याला बहुतेक पहिल्यांदाच कुणी दुरुस्त न करता ऐकून घेतलेलं असतं.

हो, कुणी घोरतं, कुणी सतत खोकतं, चिडचिड होते, तीही बघायची. आणि फार मोठा मानसिक त्रास असेल तर डॉक्टरकडे जायलाच हवं, संघ म्हणजे उपचार नाही.

जवळपास असा ग्रुप नसेल तर सुरू करा. वार आणि वेळ पक्की ठेवा, घंटा दर वेळी वेगळ्या माणसाकडे द्या म्हणजे कुणी एकच गुरू होऊन बसणार नाही, आणि तिघंच आले तरी वेळेवर बसा.