झुडूप होऊन बसण्याआधी

(इंदूरमधल्या निसर्गछायाचित्रकारांच्या मराठी गटापुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, शेतातलं बुजगावणं डोळ्यांपुढे आणा. एक काठी उभी, एक आडवी, वर पालथं मडकं आणि अंगात कुणाचा तरी जुना सदरा. त्याला डोळे नाहीत, वास नाही, ते हलत नाही. तरी पहिले काही दिवस पाखरं लांबच राहतात. गोल डोकं, खाली बारीक मान आणि दोन्हीकडे सरळ खांदे, एवढं दिसलं की माणूस आला, हे ओळखायला त्यांना पुरतं. आज ज्या कपड्याबद्दल मी बोलणार आहे तो बुजगावण्याच्या नेमका उलटा आहे. बुजगावण्यात माणूस नसतो, पण आकृती असते. गिली सूटमध्ये माणूस असतो, पण त्याची आकृती मोडलेली असते.

हा सूट स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातला. तिथे शिकारीला आलेल्या जमीनदारांबरोबर जाणाऱ्या चाकराला गिली म्हणत. हरणाच्या जवळ सरकायचं तर अंगावर चिंध्या आणि गवत बांधून जायचं, हे त्या लोकांचं ज्ञान. १९०० साली दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धासाठी लोव्हॅट स्काउट्स नावाची पलटण उभी राहिली, तिच्यात असे बरेच लोक होते आणि त्यांच्याबरोबर हा वेश सैन्यात गेला. पुढे तो शिकाऱ्यांच्या दुकानांत आला, आणि आता आपल्यातली तरुण मुलं फोनवर मागवतात.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट मला ठामपणे सांगायची आहे. मी आज धनुर्धारी शिकाऱ्यांबद्दल बरंच बोलणार आहे, पण ते सगळं अमेरिकेतलं आहे. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. त्याच्या नवव्या कलमाने शिकारीला बंदी आहे आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौशी शिकारीचे परवानेही राहिले नाहीत. धनुष्य असो की फासा, कायद्याला त्यात फरक नाही. शेतात रोझडी, म्हणजे नीलगाई, शिरतात म्हणून स्वतःच बाण लावता येत नाही. त्यासाठी परवानगी लागते आणि ती देण्याचा अधिकार ठरावीक अधिकाऱ्यांनाच आहे. आणि कॅमेरेवाल्यांनो, हे आपल्यासाठी: त्या कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत पक्ष्यांच्या घरट्यांना आणि अंड्यांना त्रास देणंही येतं. गिली सूट घालून घरट्याजवळ जाऊन बसणारा माणूस स्वतःला छायाचित्रकार म्हणत असला, तरी कायदा त्याला दुसऱ्या नावाने ओळखू शकतो.

मग धनुर्धाऱ्यांकडून शिकायचं कशाला? बंदूकवाला लांबून काम उरकतो. धनुर्धाऱ्याला हरीण वीस-पंचवीस मीटरवर यावं लागतं, आणि एवढ्या जवळ आलेल्या हरणासमोर त्याला हात हलवावाच लागतो. आपली अडचणही हीच आहे.

मी चार वर्षं मिशिगनमध्ये नोकरीला होतो. तिथे धनुर्बाणाचा हंगाम १ ऑक्टोबरला उघडतो. माझा शेजारी दर वर्षी जायचा. बहुतेक धनुर्धारी झाडावर पंधरा-वीस फुटांवर बसतात, म्हणजे आपलं मचाणच. पण त्याचा गुडघा गेलेला, चढणं बंद, म्हणून तो जमिनीवर बसायला लागला. त्याने एक भरघोस गिली सूट मागवला. अंगणात घालून उभा राहिला तेव्हा त्याचा कुत्राही त्याच्यावर भुंकला. आम्ही म्हटलं, झकास.

मग त्याने त्याच वेशात फोमच्या लक्ष्यावर बाण सोडला. बाण लक्ष्य सोडून मागच्या लाकडी चौकटीत जाऊन रुतला. त्याच्या डाव्या हातावरचं सुतळीचं झुबकं प्रत्यंचेत आलं होतं. त्याचं धनुष्य कंपाउंड जातीचं, दोन्ही टोकांना चाकं असलेलं. दोरा त्या चाकात गेला असता तर दोरी उतरली असती, आणि इतक्या ताणाखालची दोरी उतरणं म्हणजे माणसाला इजा. तो काही बोलला नाही. पायरीवर बसला, बायकोकडून शिवणाची कात्री मागून घेतली आणि मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत डाव्या बाहीवरचे सगळे दोरे कापून टाकले. मग छातीचा अर्धा भाग साफ केला. हातावर आर्मगार्ड बांधलं आणि पुन्हा बाण सोडला. तेव्हा मला कळलं की हा कपडा आरशापुढे उभं राहून निवडायचा नसतो. हात उचलण्याचा जो एक क्षण असतो, त्या क्षणासाठी तो निवडायचा असतो.

बाजारात ढोबळमानाने तीन प्रकार मिळतात. पहिला दोऱ्यांचा: जाळीवर ज्यूटचे किंवा कृत्रिम धाग्यांचे हजारो दोरे. आकृती सगळ्यात चांगली मोडतो, पण जड, गरम, आणि ज्यूटचा असेल तर भिजल्यावर दुप्पट जड वाटतो. दुसरा पानांचा: पातळ कापडाची कापलेली पानं शिवलेली. हलका, आणि त्यात दोरी अडकायची भीती फार कमी. तिसरा पोंचो, म्हणजे डोक्यावरून टाकायची घोंगडी. पटकन चढतो आणि पटकन उतरतो, पण वाऱ्यावर फडफडतो. माझ्या मते धनुष्य ओढणाऱ्याने पानांचाच घ्यावा. दोऱ्यांचा घ्यायचाच असेल तर कात्री चालवायची तयारी ठेवावी.

माझ्या त्या शेजाऱ्याला आणखी एक अडचण आली, ती चेहऱ्याची. धनुर्धारी दोरी ओढतो ती दर वेळी चेहऱ्यावरच्या ठरलेल्या जागी आणतो, बहुधा ओठांच्या कोपऱ्याशी. त्याला ते अँकर म्हणतात. सूटची टोपी पुढे आली, जाळीचा मुखवटा जाड असला, की ती जागा हलते आणि नेमही हलतो. शिवाय दोरीतल्या बारीक छिद्रातून, पीप साइटमधून, पाहायचं असतं. तिथे एक दोरा लोंबला तरी सकाळ वाया. म्हणून त्याने टोपी कपाळाशी पिनांनी मागे धरली आणि चेहऱ्याला मुखवट्याऐवजी रंग लावला. आपल्याकडे व्ह्यूफाइंडरला डोळा लावताना हाच त्रास होतो.

पण आपल्यात आणि त्याच्यात एक मोठा फरक आहे, आणि त्यावर आपली निवड फिरते. ताणलेलं धनुष्य फार वेळ धरून ठेवता येत नाही. कंपाउंड धनुष्यात शेवटी ताण बराच उतरतो, तरी मिनिटभरात हात थरथरायला लागतो. म्हणून हरणाची मान झाडामागे जाईपर्यंत थांबायचं आणि मगच ओढायचं. हरीणही चतुर: खाली मान घालून चरल्याचं सोंग करतं आणि झटकन वर बघतं. आपला कॅमेरा मात्र वाळूच्या पिशवीवर आधीपासून डोळ्यासमोर ठेवता येतो. म्हणजे आपल्याला हातावरचे दोरे कापायची गरज नाही. उलट हात आणि लेन्स यांच्यावर मिळून एकच पदर सोडावा. साफ ठेवायची ती फक्त लेन्सच्या कड्याभोवतीची चार बोटं जागा.

हे मी चुकून शिकलो. परतल्यावर मी दोऱ्यांचा हिरवागार सूट घेतला आणि डिसेंबरात यशवंत सागर तलावाच्या काठी जाऊन बसलो. सारसाची जोडी साठ-सत्तर मीटरवर होती, माझ्याच दिशेने चरत येत होती. त्या जोडीतला एक खाली मान घालतो तेव्हा दुसरा बहुधा बघत असतो; दोघांच्या माना एकदम खाली जातील तो क्षण मी धरून बसलो होतो. तो आला. मी फोकसचं कडं फिरवायला गेलो आणि ते फिरेना. दोन दोरे त्यात गुंडाळले गेले होते. मी हिसडा दिला, आणि तेवढ्यात दोन्ही लाल डोकी वर. पुढची वीस मिनिटं ती जोडी उडाली नाही, पण चरलीही नाही. माझ्यामुळे त्यांची सकाळची वीस मिनिटं गेली, हे मला अजून खुपतं.

त्या दिवशीची दुसरी चूक रंगाची. आपला माळवा पावसाळ्यात हिरवा असतो. दसरा उलटला की माळावरचं गवत वाळतं, कापणी झालेल्या सोयाबीनच्या शेतात काळी माती उघडी पडते, आणि गव्हाची शेतं सोडली तर जूनपर्यंत सगळं पेंढ्याच्या रंगाचं, राखाडी, मातकट. मिळणारे बहुतेक सूट मात्र पावसाळी जंगलाच्या हिरव्या रंगाचे. पिवळ्या गवतात मी एक गडद हिरवा ढिगारा होऊन बसलो होतो. रंगाचा नंबर दुसरा, हे मलाही मान्य आहे: पोत, सावल्या आणि मोडलेली कड आधी. पण भोवताली एकही हिरवं पान नसताना रंगसुद्धा चुगली करतो.

म्हणून माझा सल्ला ऐका. चोइथराम मंडीत जा, बारदान मागा. जुन्या गोणपाटाचा रंग म्हणजे आपल्या माळाचा नोव्हेंबरनंतरचा रंग. रंगवायची गरजच नाही. छापलेली अक्षरं असतील तेवढा भाग कापून टाका. गोणपाटाचे हातभर तुकडे करून आडवे दोरे उसवा, म्हणजे लांब झुबके मिळतात. जुन्या सुती सदऱ्याच्या पाठीवर आणि खांद्यांवर मासेमारीची जाळी शिवा आणि त्यात ते झुबके गाठीने अडकवा. थोडे झुबके काळ्या मातीच्या चिखलात बुडवून वाळवा, म्हणजे एकसारखा रंग राहत नाही. पोटाकडची बाजू रिकामी ठेवा. तुम्ही बसणार किंवा आडवे होणार आहात, तिथले दोरे फक्त कुसळं आणि गोखरू गोळा करतात. जाळीची निम्मी भोकं मोकळी सोडा. ज्या जागी बसायचं तिथलंच वाळलं गवत त्यात खोचायचं असतं. उपटून नका घेऊ, पडलेलं घ्या.

धुण्याबद्दल. कपडे पांढरेशुभ्र करणाऱ्या पावडरीत अशी द्रव्यं असतात जी अतिनील प्रकाश घेऊन निळसर चमक देतात. हरणांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या. केशरी-लाल त्यांना आपल्यासारखा भडक दिसत नाही, पण निळ्या बाजूला त्यांची नजर चांगली आहे. पक्ष्यांच्या डोळ्यांत अशा पेशी चार प्रकारच्या, आणि कित्येकांना अतिनीलही दिसतं. म्हणजे महागडी पावडर वापरून आपण गोणपाटाला दिवा लावतो. रिठ्याच्या पाण्यात धुवा, सावलीत वाळवा. आणि वेल्क्रो उसवून काढा. पहाटेच्या शांततेत त्याचा चर्र आवाज तळ्याच्या पलीकडे जातो. नाडी किंवा गुंड्या लावा.

आता जिवाच्या गोष्टी. ज्यूट भरकन पेट घेतं, आणि कृत्रिम धागा वितळून कातडीला चिकटतो. उन्हाळ्याच्या तोंडाला गहू निघाला की आपल्याकडे शेतकरी नरवाई, म्हणजे शेतात उरलेले गव्हाचे खुंट, पेटवतात. त्या दिवसांत शेताच्या बांधावर हा सूट घालून कुणीही बसायचं नाही. बिडी, सिगारेट, चहाचा स्टोव्ह, काहीच जवळ नको. एप्रिलच्या चाळीस अंशांत तर सूटचं नावही काढू नका. कडुलिंबाच्या सावलीत एक साधं लपण बांधा, ते बरं.

आणि दिसेनासं होण्याचा धोका. मिशिगनमध्ये १५ नोव्हेंबरला बंदुकीचा हंगाम उघडला की धनुर्धाऱ्यालासुद्धा अंगावर केशरी कपडा दाखवावा लागतो. हरणाला तो रंग भडक दिसत नाही, माणसाला दिसतो. तुम्हीही जाता-येता सूट पिशवीत ठेवा आणि गळ्यात केशरी गमछा बांधा. ज्याच्या बांधावर बसणार त्या शेतकऱ्याला आदल्या दिवशी भेटून सांगा. तिन्हीसांजेला बांधावर झुडूप हललेलं पाहून म्हातारा माणूस घाबरून पडला तर त्याचं पाप आपल्या माथी. जंगलखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय नाहीच. रालामंडलच्या टेकडीवर होळकरांची शिकारकोठी आजही उभी आहे, पण ती टेकडी १९८९ पासून अभयारण्य आहे.

शेवटचं, आणि यात मी कुणाचं ऐकणार नाही. खरमोर, हा गवतातला पक्षी. सैलाना आणि सरदारपूर ही त्याच्यासाठी राखलेली दोन अभयारण्यं आपल्यापासून काही तासांवर आहेत. पावसाळ्यात नर गवतातून दिवसाला शेकडो वेळा उडी मारतो, मादीला दिसावं म्हणून. जगात तो आता अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत मोजला जातो. त्याच्या गवतात गिली सूट घालून सरपटत गेलात तर नर कदाचित तुम्हाला पाहणार नाही, पण ज्या गवतात मादीने अंडी घातली आहेत तेच गवत तुमच्या पोटाखाली येईल. तिथे रस्त्यावरून, दुर्बिणीतून बघायचं. सूट घरी ठेवायचा. कुणी मला तिथला जवळून काढलेला फोटो पाठवला तर मी तो उघडत नाही.

मी दोन सूट आणलेत, एक पानांचा, एक बारदानाचा. मागच्या टेबलावर आहेत. घालून बघा. उभे राहू नका. तिथे एक बुटकं स्टूल ठेवलंय, त्यावर बसा, कॅमेरा डोळ्याला लावा आणि कडं फिरवा. जिथे अडकेल तिथे खडूची खूण करा. कात्री स्टुलाखाली आहे.