प्रत घेऊन या

श्रोतेहो, नमस्कार.

चित्रकार, गायक, नट, कवी, कथाकार अशा मंडळींशी त्यांच्या आवडत्या पुस्तकांबद्दल बोलण्याचे काम मी पुण्यात गेली कित्येक वर्षे करीत आले आहे. या कामात मला एक गोष्ट उमगली. ‘आपले आवडते पुस्तक कोणते?’ हा प्रश्न पाहुण्याला सुरुवातीलाच कधी विचारू नये. आधी विचारावे, ‘त्या पुस्तकाची आपली प्रत कुठे आहे?’ आपण कदाचित स्वयंपाकघरात काम करता करता ऐकत असाल, म्हणून पुन्हा सांगते. आधी प्रत विचारावी, पुस्तकाचे नाव नंतर आपोआप येते.

याचे कारण असे की, नाव विचारले म्हणजे माणूस सावध होतो. समोर ध्वनिक्षेपक असतो, ऐकणारे हजारो असतात, आणि आपल्या तोंडून एखादे मान्यवर नाव जावे असे कोणालाही वाटते. मग ज्ञानेश्वरी येते, तुकोबांची गाथा येते, एखादी रशियन कादंबरी येते. ही उत्तरे खोटी असतात असे मी मुळीच म्हणणार नाही, कारण या पुस्तकांवर मनापासून प्रेम करणारी माणसे मी पाहिली आहेत. परंतु नाव सांगून झाल्यावर पुढची दहा मिनिटे पाहुणा त्या पुस्तकाची थोरवी सांगत राहतो आणि त्याचे स्वतःचे काही बोलायचे राहून जाते. प्रत कुठे आहे असे विचारले की, ती कोणी दिली, पहिल्या पानावर कोणाचे नाव आहे, कोणी वाचायला म्हणून नेली आणि परत केली नाही, असे सगळे हळूहळू निघू लागते.

एका ज्येष्ठ गायिकेने आपली प्रत म्हणून पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांपैकी एक भाग पिशवीतून काढला. त्यातल्या एका बंदिशीच्या स्वरलिपीत त्यांच्या गुरूंनी पेन्सिलीने एक स्वर खोडून त्याच्या शेजारी दुसरा लिहिला होता. छापलेला स्वर त्यांनी आधी गाऊन दाखवला, नंतर गुरूंचा गाऊन दाखवला, आणि ती दोन मिनिटे ऐकताना पुस्तक आणि परंपरा यांचे नाते मला जेवढे कळले तेवढे कोणत्याही व्याख्यानातून कळले नव्हते.

दुसरे उदाहरण एका कवीचे. 1955 सालच्या रामनवमीला आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे गीतरामायण सुरू झाले आणि पुढे वर्षभर त्याची 56 गीते प्रसारित झाली, हे आपल्याला माहीत आहेच. या कवीच्या आईने त्या वर्षी रेडिओपुढे बसून ती गीते एका वहीत उतरवून घेतली होती. पहिल्यांदा ऐकताना निसटलेल्या शब्दांसाठी त्या जागा सोडून ठेवत आणि पुनःप्रसारणाच्या वेळी त्या भरून काढत, त्यामुळे ओळीच्या मध्येच शाईचा रंग बदललेला दिसे. कवीमहाशयांच्या घरी छापील पुस्तके भिंतभर होती, पण आवडते पुस्तक म्हणून त्यांनी ती वही आणली.

लेखकांच्या बाबतीत तर एखाद्या पुस्तकावरचे प्रेम व्यक्त करण्याची आणखी एक रीत आहे, ती म्हणजे ते पुस्तक मराठीत आणणे. पु. ल. देशपांडे यांनी हेमिंग्वेच्या म्हाताऱ्या कोळ्याची कथा ‘एका कोळियाने’ या नावाने मराठीत आणली, दुर्गाबाई भागवतांनी थोरोचे ‘वॉल्डन’ आणले, जी. ए. कुलकर्णी यांनी कॉनरॅड रिक्टरच्या कादंबऱ्या ‘रान’, ‘शिवार’ आणि ‘गाव’ या नावांनी आणल्या. ओहायोच्या जंगलात वसाहत करणाऱ्या माणसांची ती कहाणी आहे, आणि शिवार हा शब्द तिथे योजताना जी. एं.नी ती किती वेळा वाचली असेल याचा मी नेहमी विचार करते. अनुवादकाइतके सावकाश कोणीच वाचत नाही. दुर्गाबाईंशी प्रतिभा रानडे यांनी केलेल्या दीर्घ गप्पांचे पुस्तक आपण वाचले असेल. मुलाखत घेणाऱ्याने घाई करायची नसते, हा धडा मी त्या पुस्तकातून घेतला, आणि तरीही एकदा मी घाई केली. ती हकीकत आज सांगायची आहे.

पाहुणे होते एक चित्रकार. दिवाळी अंकांतून आणि कादंबऱ्यांतून त्यांनी आयुष्यभर रेखाटने केली. येथे मला एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. आपल्याकडे कथेच्या शीर्षकाखाली लेखकाचे नाव ठळक असते आणि चित्रकाराचे नाव पुष्कळदा श्रेयनामावलीत बारीक अक्षरांत, सगळ्यांच्या शेवटी असते. दीनानाथ दलालांची सही महाराष्ट्रातल्या घराघरांत ओळखली जात होती, आणि आजच्या चित्रकारांनाही तेवढा मान मिळायला हवा. प्रत्येक चित्राखाली चित्रकाराचे नाव छापावे, ही माझी संपादकांना कळकळीची विनंती आहे.

तर या चित्रकारांना मी भेटीआधी विचारले, ‘आपली प्रत कुठे आहे?’ ते म्हणाले, “आहे माझ्याकडे. पण पुस्तकाचे नाव मी सांगणार नाही. नाव सांगितले तर लोक कादंबरीविषयी बोलू लागतील. मला माझ्या प्रतीविषयी बोलायचे आहे.” म्हणून आजही मी ते नाव घेत नाही. एवढेच सांगते की ती एक ऐतिहासिक कादंबरी होती.

12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले, ते पाणी खडकवासल्याच्या धरणावर आले, तेही फुटले आणि मुठेचा पूर पुण्यात शिरला, तेव्हा हे चित्रकार नऊ वर्षांचे होते. शनिवार पेठेत नदीच्या बाजूला एका वाड्यातल्या दोन खोल्यांत त्यांचे घर होते. वडील छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरे, जुळवण्याचे काम करीत. खाटेखाली एक पत्र्याची ट्रंक होती आणि तीत वडिलांची पुस्तके होती. घरातली माणसे वेळेवर उंचावरच्या एका शाळेत जाऊन पोहोचली, ट्रंक मागे राहिली. पाणी ओसरल्यावर ते परतले तेव्हा खोलीत गुडघाभर गाळ होता आणि ट्रंक दाराशी आडवी पडलेली होती.

वडील छापखान्यातले असल्यामुळे ओल्या पुस्तकाची नस त्यांना ठाऊक होती. ओली पाने ओढायची नाहीत, ती सावलीत वाळू द्यायची, असे त्यांनी मुलांना बजावले आणि पुस्तके वलणीवर कपड्यांसारखी उघडी टांगली. बहुतेक पुस्तके गेली. एक कादंबरी बचावली, पण तिच्यातही एक फर्मा, म्हणजे सोळा पाने, गाळ धरून खापरासारखा एकजीव झाला होता. तो उलगडेना. शेवटी वडिलांनी तो सुरीने कापून काढला आणि उरलेले पुस्तक पुन्हा शिवले. त्यामुळे त्या प्रतीत पृष्ठ 112 नंतर एकदम पृष्ठ 129 येते.

पृष्ठ 112 च्या तळाशी नायक रात्रीच्या वेळी गडाच्या दिंडी दरवाजातून घोडा घेऊन बाहेर पडतो. पृष्ठ 129 वर तो एका अनोळखी घरात पडलेला आहे, त्याचा डावा खांदा जायबंदी आहे आणि घोडा कुठेही नाही. घोड्याचे काय झाले? नऊ वर्षांच्या मुलाला या प्रश्नाने झोप लागेना. वडिलांना विचारले तर ते म्हणाले, “वाचले होते रे, पण आता आठवत नाही. तूच काढ बघू.” आणि तो मुलगा चित्रे काढू लागला.

घरात कोरा कागद नव्हता. वडील छापखान्यातून वापरून झालेली गॅली प्रुफे आणीत, म्हणजे एका स्तंभाच्या मजकुराचे लांबलचक, अरुंद कागद, आणि मुलगा त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर चित्रे काढी. कागद अरुंद असल्यामुळे घोडा आडवा धावताना मावत नसे. म्हणून त्याने तो घाट चढताना काढला. खाली नदी, मध्ये कडा, वर चंद्र आणि कड्यावरून चढणारा पांढरा घोडा. कधी घोडा नदीत पडे, कधी धन्याला वाचवताना त्याला बाण लागे, पण दर वेळी तो शेवटी मरे आणि दर वेळी तो पांढराच असे. या चित्रकारांची पुढची रेखाटने ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ती लांबट, उभी चौकट लगेच आठवेल. समीक्षकांनी तिच्यावर पुष्कळ लिहिले आहे. तिचे मूळ छापखान्याच्या रद्दीत आहे, हे त्यांनी त्या दिवशी प्रथमच सांगितले.

आता माझी चूक सांगते. ध्वनिमुद्रणाच्या आधी मी एका जुन्या ग्रंथालयातून त्याच कादंबरीची, त्याच आवृत्तीची पूर्ण प्रत मिळवली होती. माझ्या मनात आनंदच होता. इतक्या वर्षांनी त्या सोळा पानांशी त्यांची भेट घडवावी आणि ती भेट श्रोत्यांना ऐकू यावी, असे मला वाटले. ही भेट त्यांना हवी आहे का, हे मात्र मी विचारले नाही. बोलणे रंगात आले असताना मी पृष्ठ 113 उघडून पुस्तक त्यांच्यापुढे ठेवले.

ते वाचू लागले. मनातल्या मनात. स्टुडिओत शांतता पसरली. काचेपलीकडून ध्वनिमुद्रकाने मला बोटाने खूण केली की बोला, काहीतरी बोला, कारण रेडिओवर पाच सेकंदांची शांतता म्हणजे बिघाड समजला जातो. माझ्याने बोलवेना. त्यांनी एक पान उलटले, मग दुसरे, मग मधली पाने भराभर चाळून ते एका जागी थांबले. एकोणचाळीस सेकंद झाले होते.

मग ते म्हणाले, “यातला घोडा काळा आहे, बाई.”

मी गप्प राहिले. थोड्या वेळाने ते म्हणाले, “आणि तो मरत नाही. विकला जातो. दवापाण्याला पैसे हवे असतात म्हणून बाजारात विकला जातो.”

त्यांनी पुस्तक मिटले, माझ्याकडे सरकवले आणि अतिशय सौम्य आवाजात म्हणाले, “चांगले लिहिले आहे. माझ्यापेक्षा चांगले लिहिले आहे. पण मी ज्याच्याविषयी बोलत होतो ते पुस्तक हे नव्हे.”

मुलाखत पुढे आणखी दहा मिनिटे चालली, पण माझे लक्ष तिच्यात राहिले नव्हते. मी त्यांची क्षमा मागितली. ते काही बोलले नाहीत. जिन्यापर्यंत गेले, परत आले आणि म्हणाले, “सोमवारपर्यंत ठेवू का हे?” सोमवारी त्यांनी पुस्तक वर्तमानपत्रात नीट गुंडाळून परत आणून दिले. वाचले का, कसे वाटले, यांपैकी काहीही विचारायचे नाही असे मी ठरवले होते. त्यांनीच सांगितले, “त्या सोळा पानांत खिळे जुळवताना झालेल्या दोन चुका आहेत. एका ठिकाणी वेलांटी उलटी आहे, दुसरीकडे एक अक्षर दोनदा पडले आहे. वडिलांच्या नजरेतून सुटल्या नसत्या.” एवढे बोलून ते गेले.

श्रोतेहो, आजची वेळ संपत आली आहे, त्यामुळे उरलेले थोडक्यात सांगते. ती एकोणचाळीस सेकंदांची शांतता कापावी असे सर्वांचे मत होते. मी ती कापू दिली नाही. कार्यक्रम प्रसारित झाल्यावर एका बाईंचे पोस्टकार्ड आले. त्यांनी लिहिले होते की, आवाज थांबला तेव्हा रेडिओ बंद पडला असे वाटून त्या जवळ गेल्या, कान लावला आणि त्यांना पान उलटल्याचा आवाज आला. मग त्या तिथेच उभ्या राहून पुढचे पान उलटण्याची वाट पाहत राहिल्या.

तेव्हापासून मी पाहुण्यासाठी कोणतेही पुस्तक शोधून नेत नाही. प्रत त्यांची असली पाहिजे, फाटकी असो, अर्धी असो, वहीत उतरवलेली असो. प्रत हरवली असेल तर ती कशी हरवली ते सांगावे, त्यासाठीही मी तितकाच वेळ राखून ठेवते. एका नटाने तर लहानपणी शेजाऱ्यांना दिलेल्या आणि कधीच परत न आलेल्या एका पुस्तकाविषयी सबंध अर्धा तास सांगितले होते, आणि त्यातली प्रवेशांची भाषणे त्यांना अजून पाठ होती. या निमित्ताने आपल्यालाही माझी एक विनंती आहे. नवे पुस्तक घेतल्यावर पहिल्या पानावर आपले नाव, गाव आणि तारीख शाईने अवश्य लिहावी. पुस्तक खराब होते म्हणून काही जण ते टाळतात, पण मला ज्या प्रतींनी सर्वांत जास्त सांगितले त्यांतल्या बहुतेकींवर कोणाचे ना कोणाचे नाव होते.

पुढच्या आठवड्यात याच वेळी एक ज्येष्ठ शिल्पकार आपल्या भेटीला येणार आहेत. कोणत्या पुस्तकाविषयी बोलणार, हे त्यांनी सांगितलेले नाही आणि मीही विचारलेले नाही. दूरध्वनीवर मी त्यांना इतकेच म्हणाले की येताना प्रत घेऊन या. त्यावर ते म्हणाले, “ती फार जड आहे, कोणाला तरी सोबत आणावे लागेल.”

नमस्कार.