जुनी विंडोज नव्या मशीनवर: बोर्डाचे पैसे देण्याआधी

मंडळी, १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि नवीन मशीन घ्यावं की नाही ही चर्चा आपल्याकडे एकदम सुरू झाली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही मशीनमधली सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचे साधारण आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर तिच्या यादीत बसत नाहीत. मग सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढीपासून विश्रामबागच्या डीटीपीवाल्यापर्यंत सगळे कोटेशन मागायला लागले. कोटेशनमध्ये प्रोसेसर, रॅम, एसएसडी, एसएमपीएस, कॅबिनेट सगळं ओळीनं असतं. घासाघीस होते, दोन-पाचशे कमी होतात, आणि उठता उठता गिऱ्हाईक म्हणतं, "विंडोजचं काय नाही, जुन्यावर ओरिजिनल आहे, तीच टाका."

आज मी एवढ्याच वाक्यावर बोलणार आहे. कारण ती टाकता येईल का, याचं उत्तर कुणाच्या बाबतीत 'हो' असतं आणि कुणाच्या बाबतीत 'नाही'. कुठलं ते जुनं मशीन चालू आहे तोवरच नीट कळतं.

पुष्कळांना वाटतं की विंडोज हार्डडिस्कमध्ये असते, डिस्क उचलून नव्या कॅबिनेटमध्ये लावली की आली बरोबर. फाइली येतात, हे खरं. बऱ्याचदा मशीन सुरूही होतं. पण खाली उजव्या कोपऱ्यात 'ॲक्टिव्हेट विंडोज' असं फिकट अक्षरात उमटतं, कारण ॲक्टिव्हेशन, म्हणजे या मशीनला लायसन्स आहे याची मायक्रोसॉफ्टकडची खात्री, डिस्कवर अवलंबून नसतं. २००१ ला विंडोज एक्सपीबरोबर ही पद्धत आली तेव्हापासून विंडोज मशीनमधले भाग बघून त्या मशीनची ओळख बनवते. आजच्या विंडोजमध्ये त्या ओळखीत सगळ्यांत वजनदार भाग मदरबोर्ड, म्हणजे बाकीचे भाग ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड. रॅम वाढवा, एसएसडी बदला, ग्राफिक्स कार्ड लावा, सहसा काही होत नाही. बोर्ड बदलला की मायक्रोसॉफ्टच्या दृष्टीनं ते दुसरं मशीन.

आता मुख्य फरक. लायसन्स रिटेल असतं किंवा ओईएम. कंपन्यांसाठी तिसरं असतं, व्हॉल्यूम, त्याच्याकडे येतोच. लॅपटॉपबरोबर किंवा ब्रँडेड डेस्कटॉपबरोबर आलेली विंडोज ओईएम. तिचं म्हणाल तर घराच्या लाइटच्या मीटरसारखं आहे. घर विकलं तर मीटर घराबरोबर जातो, तुम्ही तो काढून नव्या घरी नेत नाही. करारात हे स्वच्छ लिहिलंय: मशीनबरोबर आलेली विंडोज दुसऱ्याला द्यायची तर त्या मशीनसकटच. वेगळी विकत घेतलेली, म्हणजे रिटेल, मात्र तुमच्या दुसऱ्या मशीनवर नेता येते. अट एकच, जुन्यावरून काढायची. एका लायसन्सवर दोन मशीन चालवायची नाहीत.

मग आपली कुठली, हे कसं ओळखायचं? जुनं मशीन चालू करा. स्टार्टमध्ये सीएमडी लिहा, राइट क्लिक करून ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, आणि त्या काळ्या खिडकीत एस, एल, एम, जी, आर, मग स्पेस, मग स्लॅश, डी, एल, आय असं टाकून एंटर मारा. थोडा वेळ लागतो, दोनदा मारू नका. छोटी खिडकी येते. तिच्यात 'डिस्क्रिप्शन'च्या ओळीत शेवटी 'रिटेल चॅनल', 'ओईएम' किंवा 'व्हॉल्यूम' यांपैकी काहीतरी असतं. खाली 'की'ची, म्हणजे विंडोजच्या २५ अक्षरी लायसन्स नंबरची, शेवटची पाच अंक-अक्षरं दिसतात.

इथं बरेच जण 'रिटेल' वाचून खिडकी बंद करतात. बंद करू नका, खालची ती पाच अक्षरं बघा. विंडोज प्रो असेल आणि तिथं ३व्ही६६टी दिसलं, किंवा होम असेल आणि ८एचव्हीएक्स७ दिसलं, तर ती तुमची की नाहीच. ती मायक्रोसॉफ्टची सर्वसाधारण की आहे, जगातल्या असंख्य मशीनवर हीच असते. विंडोज १० पासून डिजिटल लायसन्स नावाचा प्रकार आला. त्यात खरी नोंद मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर, तुमच्या मशीनच्या ओळखीसमोर असते; मशीनमध्ये नुसती ही भरतीची की. आता ज्यांनी २०१५-१६ मध्ये लॅपटॉपची किंवा ब्रँडेड मशीनची विंडोज ७ फुकटात १० केली, त्यांच्या खिडकीतही 'रिटेल'च दिसतं. पण मूळ विंडोज ७ ओईएम होती, आणि वर चढवलेली विंडोज करारानं मूळच्याच जातीची राहते. म्हणून खिडकी आणि बिल दोन्ही समोर ठेवून बघायचं. नव्या मशीनवर कधीकधी सर्व्हर अशी विंडोज चालू करून देतोही. पण सर्व्हरनं चालवून घेतलं म्हणजे तुमचा हक्क झाला असं मी मानत नाही, आणि त्या भरवशावर गिऱ्हाइकाला शब्दही देत नाही.

राहिलं व्हॉल्यूम. तुमच्या पेढीवर चार मशीन आहेत आणि खिडकीत 'व्हॉल्यूम केएमएस क्लायंट' दिसतंय? मग ती विंडोज तुमची असण्याची शक्यता जवळजवळ नाही. हा प्रकार मोठ्या कंपन्या आणि विद्यापीठांचा. त्यांच्या आत एक सर्व्हर असतो, प्रत्येक मशीन त्याच्याशी बोलून १८० दिवसांची मुदत घेत राहतं. एसएलएमजीआरपुढं स्लॅश एक्स, पी, आर टाकलंत तर ही मुदतीची तारीख स्क्रीनवर येते. पेढीत असला सर्व्हर कुठला? कुणीतरी फॉरमॅट मारताना खोटा सर्व्हर बसवणारं क्रॅक टाकलेलं असतं, आणि अँटीव्हायरस बंद करून टाकलेल्या त्या क्रॅकबरोबर आणखी काय आलं ते देव जाणे. ज्या मशीनवर तुम्ही जीएसटी भरता आणि बँकेत लॉगिन करता, त्याच मशीनवर हे! ऑनलाइन दोन-तीनशे रुपयांत मिळणाऱ्या कीही बऱ्याचदा कुठल्या तरी कंपनीच्या व्हॉल्यूममधल्या असतात. आज चालतात, आणि पुढं कधी बंद पडल्या तर दाद मागायला विकणारा सापडत नाही.

समजा, तुमची खरोखर रिटेल आहे. मग काम सोपं आहे, फक्त क्रम चुकवू नका. जुनं मशीन खोलण्याआधी सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशनच्या पानावर जा. तिथं डिजिटल लायसन्स मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडलंय असं वाक्य पाहिजे. नसेल तर आधी जोडा. त्याच बैठकीत बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय, चालू आहे का बघा आणि असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या, कारण ती डिस्क दुसऱ्या बोर्डावर लागली की पहिल्यांदा तीच मागते. नव्या मशीनवर तीच एडिशन टाका. होमचं लायसन्स आणि दुकानदारानं सवयीनं टाकली प्रो, म्हणजे कितीही वेळा प्रयत्न करा, ॲक्टिव्हेट होणार नाही. बॉक्स किंवा मेलमधली २५ अक्षरी की असेल तर ती टाका. नसेल तर त्याच अकाउंटनं लॉगिन करून ॲक्टिव्हेशनच्या ट्रबलशूटमध्ये 'नुकतंच हार्डवेअर बदललं' असा पर्याय घ्या. जुन्या मशीनची नावं येतात, त्यातलं आपलं निवडा. आणि कृपा करून मशीनला ओळखीचं नाव द्या. 'डेस्कटॉप' आणि पुढं अगम्य अक्षरं अशी चार नावं दिसली तर हिशेबाचं मशीन कुठलं हे कुणाला कळणार?

टॅली वापरणाऱ्यांना इथं एक गोंधळ होतो. टॅलीत आपण जुन्या मशीनवर लायसन्स सरेंडर करतो, तिकडं नोंद होते, मग नव्यावर चालू करतो. विंडोजमध्ये सरेंडर नाही. एसएलएमजीआर आणि स्लॅश यू, पी, के टाकलं तर की निघते, पण ती फक्त त्या मशीनमधून. मायक्रोसॉफ्टला त्याची खबर जात नाही. म्हणून जुनं मशीन भाच्याला देणार असाल तर डिस्क पुसून द्या. त्याला विंडोज पाहिजे असेल तर त्याची वेगळी घ्यावी लागेल, किंवा लिनक्स टाकून द्या, अभ्यासाला ते भरपूर झालं.

आणि मशीन चालूच होत नसेल तर? २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा तळमजल्यावरची मशीन चिखलात गेली. ब्रँडेड मशीनमध्ये विंडोज ८ पासून की बोर्डावरच्या चिपमध्ये लिहिलेली असते, त्यामुळे असा बोर्ड भंगारात गेला की त्याची ओईएमही गेली. बोर्डात दोष निघून कंपनीनं तोच किंवा त्याच्या तोडीचा बदलून दिला तर गोष्ट वेगळी, तिथं नवीन लायसन्स लागत नाही. रिटेल मात्र पाण्यात जात नाही, बिल, मेल किंवा अकाउंट यांतलं काहीतरी हाताशी असलं की झालं. म्हणून दुकानदाराला माझं सांगणं असतं की बिलावर नुसतं 'विंडोज ११' लिहू नका, होम की प्रो, रिटेल की ओईएम, सगळं लिहा. गिऱ्हाइकानंही ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. असेंबल मशीन घेताना थोडे जास्त गेले तरी रिटेलच घ्या, पुढच्या मशीनला कामाला येते.

मघाशी एकानं विचारलं, ॲक्टिव्हेट झाली नाही तर मशीन बंद पडेल का, सौदे चालू आहेत. नाही पडणार. वॉलपेपर बदलता येत नाही आणि कोपऱ्यात ती अक्षरं राहतात. तुमची बिलं निघतील, प्रिंटरही चालेल. सौदे आटपा, मग निवांत बसून करा.