स्ट्रिंग ऑफ पर्ल्सला जमिनीवर टेकू द्या

(सोलापुरात बागप्रेमींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, ही हिरव्या मण्यांची वेल, म्हणजे स्ट्रिंग ऑफ पर्ल्स, इथं बसलेल्या किती जणांनी आणली होती? हात वर करा की. आणि आज किती जणांकडं जिवंत आहे? बघा, किती हात खाली आले! दर वेळी दोष कुणाला? आपल्या उन्हाला. पारा बेचाळीसच्या वर गेला, सोलापुरात हे झाड जगायचं नाही, असं आपणच म्हणून मोकळे होतो. मला हे अजिबात मान्य नाही. आज ती कशी जगवायची ते सांगणार आहे, पण ती मरते कशानं, ते आधी बोलू द्या.

पुतणीच्या वास्तुशांतीला द्यायला एका रोपवाटिकेतून कुंडी घेतली. भरगच्च, खाली लोंबणारी. विकणारा बजावून सांगतो, “काका, रोज पाणी घाला आणि भर उन्हात टांगा.” मी म्हटलं, अरे बाबा, जिनं पानातच पाणी साठवलंय तिला रोज पाणी कशाला? तो म्हणाला, “सगळे असंच नेतात.” घरी आणून कुंडीतली माती सैल केली, तर आत मुळांभोवती आवळलेला जाळीचा छोटा कप आणि त्यात ओलाकिच्च कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. मुळं काळी पडलेली. वर मणी टवटवीत, कारण त्यांच्याकडं आपलं साठवलेलं पाणी होतं. महिन्याभरात मणी सुरकुतले असते. मग घरातलं माणूस म्हणतं, तहानलीय बिचारी, आणि आणखी एक तांब्या ओततं. मेली ती पाण्यानं आणि नाव झालं उन्हाचं! याचा मला मनापासून राग येतो. लोक हौसेनं पैसे मोजतात, आपला हातच वाईट समजतात आणि पुन्हा झाड आणत नाहीत.

ही वेल मूळची दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व केप भागातली. कुळ आपल्या सूर्यफुलाचं, शेवंतीचं. फुलं पांढरी, छोटी, त्यांना लवंग-दालचिनीसारखा वास. 1968 साली याकोबसन या जर्मन अभ्यासकानं तिचं शास्त्रीय वर्णन केलं आणि गॉर्डन रौली या ब्रिटिश अभ्यासकाचं नाव तिला दिलं. आता ती वनस्पतींच्या क्युरिओ नावाच्या वंशात मोडते. तिकडं तिला कुणी टांगत नाही. झुडपांच्या, दगडांच्या सावलीत ती जमिनीवर पसरते आणि जिथं टेकते तिथं मूळ धरते. मणी म्हणजे तिची पानं. गोल आकारात पाणी जास्त मावतं आणि उन्हाला पृष्ठभाग कमी लागतो. प्रत्येक मण्यावर एक अर्धपारदर्शक रेघ असते, बारकाईनं बघा. तिच्यातून उजेड पानाच्या आतपर्यंत जातो. नळाला रोज पाणी न येणाऱ्या, साठवून पुरवून वापरणाऱ्या आपल्या गावाला हे झाड परकं कसं?

संयोजक घड्याळ दाखवताहेत, म्हणून आता भराभर सांगतो. कुंडी उथळ, पसरट, मातीची, खाली भोक असलेली. आपली काळी माती नको, ती पाणी धरून बसते. बारीक मुरूम, विटांचे तुकडे, जाड वाळू आणि मूठभर जुनं शेणखत. आणल्या आणल्या तो जाळीचा कप कापून काढा. जागा पूर्वेकडची, सकाळचं कोवळं ऊन मिळेल अशी. मार्च ते जून दुपारचं ऊन बिलकुल नको, पत्र्याखाली तर नकोच. माती तळापर्यंत वाळली आणि मणी किंचित मऊ लागले की पोटभर पाणी, मग थांबायचं. पावसाळ्यात आडोशाला. तुकडे लावायचे तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात. चार बोटं लांबीची वेल मातीवर आडवी ठेवा, वरून पुरू नका, मूळ आपोआप फुटतं. आणि घरात मांजर किंवा रांगतं मूल असेल तर हात पोचणार नाही अशा जागी ठेवा, हे मणी पोटात जाता कामा नयेत.