मासळीच्या टोपलीनं पटवलेली ओळख

नमस्कार मंडळी. आज बोलू आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल लोकांबद्दल, म्हणजे आपले मराठी ज्यू, पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर अशी आडनावं, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं.

त्यांच्यात सांगतात ते असं, की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावला गलबत फुटलं, सात पुरुष नि सात बायका वाचल्या, पोथ्याबिथ्या सगळ्या बुडाल्या. पुढे कित्येक पिढ्या ना धर्मगुरू, ना पुस्तक. उरलं काय, तर शनिवारची सुट्टी, आठव्या दिवशी पोराची सुंता आणि 'शेमा' ही एक प्रार्थना. आणि खाण्यातले नियम.

आता या खाण्यावरूनच एक गोष्ट आहे, मी ती कुठेही सांगतो. डेव्हिड रहाबी नावाचा ज्यू कोकणात आला. कधी आला यावर वाद आहेत, कुणी हजार वर्षं मागे नेतं, कुणी म्हणतं अठराव्या शतकात कोचीनहून आला, आपण त्यात नको पडूया. तर त्याला या लोकांचं वागणं ओळखीचं वाटलं, पण खात्री कशी करायची? सरळ विचारलं तर कुणीही हो म्हणेल की. मग त्यानं केलं काय, सगळ्या प्रकारची मासळी आणली, मिसळलेली, आणि बायकांना म्हणाला, एवढी रांधून द्या. बायका निवडायला बसल्या. पंख आणि खवले असलेली मासळी एका बाजूला, बाकीची दुसऱ्या बाजूला. गोष्टीत माशांची नावं नाहीत, मी आपली घालतो, रावस, पापलेट इकडे, मुशी, शिंगाळा, कोळंबी तिकडे. हे काय, असं त्यानं विचारलं, तर म्हणाल्या, ही आमच्यात खात नाहीत. झालं! ज्यू धर्मात पंख नि खवले असलेलीच मासळी चालते, रहाबीला पटलं, ही आपलीच माणसं. (आता मासे साफ होऊन पाकिटात घरी येतात, पोरांना खवला दिसतच नाही, मला तर ते पाकिटातलं पापलेट अजिबात पटत नाही, असो.)

परत सांगतो, पुस्तक नव्हतं, धर्मगुरू नव्हता, पण आमच्यात काय चालतं नि काय नाही हे घरातल्या बाईला पक्कं ठाऊक होतं. शिकवणी नंतर आली. रहाबीनं तीन घरं निवडली, झिराडकर, राजपूरकर, शापूरकर, त्यांना धर्म शिकवला, तेच काजी, म्हणजे समाजाचे धार्मिक पुढारी, झाले आणि ते काम वंशपरंपरेनं चाललं. 1796 मध्ये सॅम्युअल दिवेकरांनी मुंबईत पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बांधलं, पुढे बायबलातल्या गोष्टींवर मराठीत कीर्तनंसुद्धा व्हायला लागली.

आणि गंमत बघा, एवढं सगळं टिकवून हे लोक इस्रायलला गेले, तर 1962 मध्ये तिथल्या मुख्य रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, फर्मान काढलं, बेने इस्रायल माणसाचं दुसऱ्या ज्यूंशी लग्न लावायचं तर आधी त्याची वंशावळ तपासा, आजी-आजोबांपर्यंत नि जमलं तर त्याही मागे. म्हणजे घरच्याच माणसाकडे दाखला मागायचा! माझं मत विचाराल तर वंश कागदावर शोधणाऱ्यांना रहाबीएवढीही अक्कल नव्हती. लोक चिडले, जेरुसलेममध्ये बायकापोरांसकट धरणं धरून बसले, आणि 1964 मध्ये त्या फर्मानातून बेने इस्रायल हे नाव काढावं लागलं. धरणं धरायला मराठी माणसाला कुणी शिकवावं लागत नाही, ते तिथेही नाही लागलं. चला, बातम्यांची वेळ झाली.